मादाम क्यूरी आणि रेडियमचा उजेड

(कर्करोगावर किरणांनी इलाज केला जातो, हे आपण ऐकतो. हे किरण कोणी शोधले, त्यांचे औषध कसे झाले आणि त्यासाठी शोध लावणारांनी काय किंमत मोजली, याची माहिती या पाठात दिली आहे.)

कर्क म्हणजे खेकडा. खेकडा जसे पाय पसरतो तसा शरीरात पसरणारा रोग म्हणून मराठीत त्याला कर्करोग म्हणतात. उर्दूत याच रोगाला सरतान म्हणतात, आणि सरतान या शब्दाचा अर्थही खेकडाच आहे. कॅन्सर हा शब्द लॅटिन भाषेतून आला. त्याचाही अर्थ तोच. म्हणजे वेगवेगळ्या देशांतील हकीमांना आणि वैद्यांना हा रोग फार जुन्या काळापासून माहीत होता. पण त्यावर नेमका इलाज मात्र त्यांच्यापाशी नव्हता. गाठ कापून काढणे एवढाच एक उपाय होता, आणि तोही फार थोड्या रोग्यांच्या उपयोगी पडे.

आज या रोगावर तीन मुख्य इलाज आहेत. पहिला शस्त्रक्रिया, दुसरा औषधे आणि तिसरा किरणांचा. उर्दूत आपण ज्याला शुआ म्हणतो त्यालाच मराठीत किरण म्हणतात. हा किरणांचा इलाज १८९५ पूर्वी जगात कोठेच नव्हता. तो ज्यांच्या मेहनतीतून उभा राहिला, त्यांत मादाम क्यूरी यांचे नाव फार मोठे आहे.

मादाम क्यूरी यांचे माहेरचे नाव मारिया स्क्लोदोव्स्का. त्यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी पोलंड देशातील वॉर्सा शहरात झाला. पाच भावंडांत ती सर्वांत धाकटी. घरचे लोक तिला मान्या म्हणत. वडील गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत. आई मुलींची शाळा चालवीत असे. त्या काळी वॉर्सावर रशियाच्या झारचे राज्य होते. शाळेत मुलांना आपल्या मातृभाषेतून मोकळेपणाने शिकता येत नसे. रशियन अधिकारी तपासणीला आले की पोलिश भाषेची पुस्तके लपवावी लागत.

मान्या लहान असतानाच घरावर एकामागून एक संकटे आली. मोठी बहीण टायफसच्या तापाने गेली. १८७८ साली क्षयरोगाने आईही गेली. तेव्हा मान्या फक्त दहा वर्षांची होती. वडिलांची मिळकतही कमी झाली होती. घर चालवण्यासाठी त्यांनी काही विद्यार्थ्यांना घरी ठेवून घेतले. अशा गर्दीत एका कोपऱ्यात बसून मान्या अभ्यास करी. १८८३ साली तिने शाळेचे शिक्षण पूर्ण केले आणि सुवर्णपदक मिळवले.

पुढे शिकायचे कोठे, हा मोठा प्रश्न होता. वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. पॅरिसला जावे तर पैसा नव्हता. मान्याची मोठी बहीण ब्रोन्या हिलाही डॉक्टर व्हायचे होते. दोघी बहिणींनी आपसांत एक करार केला. आधी ब्रोन्याने पॅरिसला जावे. मान्याने नोकरी करून तिला पैसे पाठवावेत. ब्रोन्या डॉक्टर झाली की तिने मान्याला बोलावून घ्यावे. या कराराप्रमाणे मान्याने एका जमीनदाराच्या घरी मुलांना शिकवण्याची नोकरी धरली. ती दिवसा घरातल्या मुलांना शिकवी, सवडीच्या वेळी गावातील गरीब शेतकऱ्यांच्या मुलांना गुपचूप पोलिश लिहायला-वाचायला शिकवी आणि रात्री आपली पुस्तके उघडी. अशी अनेक वर्षे गेली. ब्रोन्याने आपला शब्द पाळला. १८९१ साली मान्या आगगाडीने पॅरिसला पोहोचली. तेव्हा तिचे वय चोवीस वर्षांचे होते.

पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात तिने मारी या नावाने प्रवेश घेतला. ती एका इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर एका लहानशा खोलीत राही. थंडीत खोली गोठून जाई. कोळशाला पैसे पुरत नसत. पाव आणि चहा यांवर ती कितीतरी दिवस काढी. एकदा तर भुकेमुळे तिला चक्कर आली. पण अभ्यासात तिने कसूर केली नाही. १८९३ साली पदार्थविज्ञानाच्या परीक्षेत ती पहिली आली. दुसऱ्या वर्षी गणिताच्या परीक्षेत तिचा दुसरा क्रमांक लागला.

१८९४ साली तिची ओळख प्येर क्यूरी या शास्त्रज्ञाशी झाली. प्येर स्वभावाने शांत होते. त्यांना मानमरातबाची हौस नव्हती. आपले भाऊ जाक यांच्याबरोबर त्यांनी अतिशय सूक्ष्म वीज मोजण्याचे एक उपकरण बनवले होते. पुढे मारीच्या शोधात हेच उपकरण कामी आले. जुलै १८९५ मध्ये दोघांचा विवाह अगदी साधेपणाने झाला. भेट म्हणून आलेल्या पैशांतून त्यांनी दोन सायकली घेतल्या आणि त्यांवर बसून ते फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून हिंडले.

त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात जर्मनीत राँटगेन यांनी क्ष-किरण शोधून काढले. या किरणांनी माणसाच्या हाताची हाडे दिसू लागली आणि सारे जग थक्क झाले. पुढच्या वर्षी, म्हणजे १८९६ साली, पॅरिसमध्ये आंरी बेकरेल यांना आणखी एक चमत्कारिक गोष्ट आढळली. युरेनियम या धातूच्या क्षारांतून आपोआप किरण निघत होते. त्यांना ऊन लागत नव्हते की वीज लागत नव्हती. काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या काचेवरही त्यांचा डाग उमटत होता. हे कसे घडते, ते कोणालाच कळत नव्हते.

मारीने डॉक्टरेटच्या पदवीसाठी हाच विषय घेतला. इतर लोक फोटोच्या काचेवरचे डाग पाहून अंदाज बांधीत. मारीने वेगळी वाट धरली. हे किरण हवेतून गेले की त्या हवेतून थोडीशी वीज वाहू शकते. ही वीज किती, ते प्येर यांच्या उपकरणाने मोजता येई. वीज जास्त तर किरण जास्त, वीज कमी तर किरण कमी. मारीने एकामागून एक पदार्थ आणले आणि प्रत्येकाचे माप घेतले. मोजल्याशिवाय बोलायचे नाही, हा तिचा नियमच होता.

या मोजण्यातूनच मोठा शोध लागला. पिचब्लेंड नावाचे एक काळे, जड खनिज असते. त्यात युरेनियम असते. पण पिचब्लेंडचे किरण शुद्ध युरेनियमच्या किरणांपेक्षा सुमारे चौपट भरले. मारीने पुन्हा पुन्हा मोजून पाहिले. आकडा तोच आला. मग तिने तर्क केला की या खनिजात एखादे नवे मूलद्रव्य लपलेले असले पाहिजे, आणि ते युरेनियमपेक्षा फार प्रभावी असले पाहिजे. प्येर यांनी आपले काम बाजूला ठेवले आणि ते तिच्या मदतीला आले. जुलै १८९८ मध्ये दोघांनी एका नव्या मूलद्रव्याची घोषणा केली. आपल्या गुलाम मायदेशाच्या नावावरून मारीने त्याला पोलोनियम हे नाव दिले. डिसेंबरमध्ये दुसरे मूलद्रव्य जाहीर झाले. ते रेडियम. पदार्थातून आपोआप किरण बाहेर पडण्याच्या या गुणाला मराठीत किरणोत्सर्ग म्हणतात. त्याला शास्त्रीय नावही मारीनेच दिले.

पण रेडियम अजून कोणी डोळ्यांनी पाहिले नव्हते. ते वेगळे काढून दाखवणे भाग होते. पिचब्लेंडमध्ये त्याचे प्रमाण अगदी नगण्य होते. बोहेमियातील खाणीत युरेनियम काढून घेतल्यावर उरलेला चोथा फेकून दिला जाई. तो चोथा पोत्यांत भरून पॅरिसला आणला गेला. काम करायला मिळाली एक जुनी शेड. तिचे काचेचे छप्पर गळत असे. उन्हाळ्यात तेथे उकाडा होई, हिवाळ्यात हात गारठत. मारी वीस-वीस किलो माल मोठ्या भांड्यात उकळी आणि आपल्याच उंचीच्या लोखंडी कांबीने तो तासन् तास ढवळी. असे जवळजवळ चार वर्षे चालले. अनेक टन चोथ्यातून १९०२ साली रेडियमचा जो शुद्ध क्षार हाती आला, तो होता एका ग्रॅमचा दहावा भाग!

रात्री कधी कधी दोघे पतिपत्नी शेडमध्ये जात. दिवा लावीत नसत. अंधारात फळ्यांवर ठेवलेल्या काचेच्या नळ्यांतून मंद निळसर उजेड येत असे. तो रेडियमचा उजेड होता. त्या उजेडाकडे ते कौतुकाने पाहत बसत. हा उजेड आपल्याच शरीराला आतून पोखरतो आहे, याची कल्पना त्या वेळी त्यांना नव्हती.

मात्र रेडियम कातडी जाळते, हे लवकरच कळून आले. बेकरेल यांनी रेडियमची एक नळी कोटाच्या खिशात ठेवली होती. काही दिवसांनी खिशाच्या जागी त्यांच्या अंगावर लाल चट्टा उठला. प्येर यांनी तर मुद्दामच स्वतःवर प्रयोग केला. त्यांनी दहा तास किरणोत्सारी पदार्थ दंडाला लावून ठेवला. कातडी लाल झाली, मग जखम झाली. पन्नास दिवस उलटले तरी ती पुरती भरली नव्हती. १९०१ साली बेकरेल आणि प्येर यांनी ही माहिती प्रसिद्ध केली.

येथूनच या गोष्टीला नवे वळण मिळाले. जो किरण चांगली कातडी मारतो तो रोगट कातडीही मारू शकेल, असा विचार पॅरिसच्या डॉक्टरांच्या मनात आला. सेंट लुई इस्पितळातील डॉक्टर दांलो यांना थोडे रेडियम देण्यात आले. त्यांनी १९०१ साली त्वचेच्या एका चिवट रोगावर त्याचा उपयोग करून पाहिला. १९०३ साली रशियातील सेंट पीटर्सबर्ग शहरात त्वचेच्या कर्करोगाच्या दोन रोग्यांवर रेडियम वापरले गेले आणि त्यांच्या गाठी नाहीशा झाल्या. फ्रान्समध्ये या नव्या इलाजाला क्यूरी-थेरपी म्हणू लागले.

आता रेडियमला सोन्याहूनही कितीतरी जास्त भाव आला. ते तयार करण्याची रीत क्यूरी पतिपत्नींना पुरती माहीत होती. त्यांनी पेटंट घेतले असते तर ते धनवान झाले असते. त्यांच्याकडे तर चांगली प्रयोगशाळाही नव्हती. तरीही त्यांनी पेटंट घेतले नाही. ज्ञान सर्वांचे आहे आणि रोग्यांच्या उपयोगी पडणाऱ्या वस्तूतून आपण नफा घेऊ नये, असे दोघांचे मत पडले. विचारणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी सारी रीत लिहून कळवली.

१९०३ साली बेकरेल, प्येर आणि मारी यांना मिळून पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. नोबेल मिळवणारी मारी ही जगातील पहिली स्त्री. पण हे सुख फार दिवस टिकले नाही. १९ एप्रिल १९०६ रोजी पॅरिसमध्ये पाऊस पडत होता. रस्ता ओलांडताना प्येर घोड्यांच्या मालगाडीखाली सापडले आणि जागीच गेले. मारीच्या पदरात दोन मुली होत्या. थोरली इरेन आठ वर्षांची, धाकटी एव्ह अवघी सव्वा वर्षाची. सरकारने मारीला पेन्शन देऊ केले. तिने ते नाकारले आणि काम मागितले. प्येर यांची सोर्बोनमधील जागा तिला देण्यात आली. नोव्हेंबर १९०६ मध्ये ती वर्गात आली. ऐकायला मोठी गर्दी जमली होती. पतीने विषय जेथे सोडला होता तेथूनच तिने शिकवायला सुरुवात केली. सोर्बोनमध्ये शिकवणारी ती पहिली स्त्री होती.

१९११ हे वर्ष तिला मानाचे आणि अपमानाचेही गेले. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने तिला सभासद करून घेतले नाही. ती स्त्री होती आणि परदेशात जन्मलेली होती, हे अनेकांना खुपत होते. वर्तमानपत्रांनीही तिची खूप निंदा केली. त्याच वर्षी तिला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दोन वेळा नोबेल मिळवणारी ती जगातील पहिली व्यक्ती ठरली.

रेडियमचा इलाज आता अनेक देशांत सुरू झाला होता. पण त्यात एक मोठी अडचण होती. कोणत्या रोग्याला किती रेडियम द्यायचे? जास्त दिले तर तो भाजून निघे. कमी दिले तर गाठ तशीच राही. एका दवाखान्यातील माप दुसऱ्या दवाखान्यातील मापाशी जुळत नसे. वजनकाट्याला जसे प्रमाणित वजन लागते, तसेच रेडियमचेही एक प्रमाणित माप हवे होते. हे काम मादाम क्यूरींनी केले. १९११ साली त्यांनी आपल्या हातांनी सुमारे बावीस मिलिग्रॅम शुद्ध रेडियम-क्षार काचेच्या नळीत बंद केला. तो जगासाठी प्रमाण मानला गेला. किरणोत्सर्ग मोजण्याच्या एककालाही क्यूरी हे नाव मिळाले. औषध आणि विष यांत फरक असतो तो मात्रेचा. हकीमसाहेब पुडी बांधताना तोळा-मासा पाहतात, तसेच किरणांचेही आहे. मात्रा ठरल्याशिवाय किरणांचे औषध होऊ शकत नव्हते.

पॅरिसमध्ये १९१४ साली रेडियम संस्थेची इमारत बांधून पुरी झाली. तिचे दोन विभाग होते. एका विभागात मादाम क्यूरी किरणांचा अभ्यास करणार होत्या. दुसऱ्या विभागात डॉक्टर क्लोद रगो हे शरीरावरील परिणाम आणि इलाज यांचा अभ्यास करणार होते. तेवढ्यात पहिले महायुद्ध सुरू झाले. मादाम क्यूरींनी मोटारगाड्यांत क्ष-किरणांची यंत्रे बसवली आणि त्या स्वतः आघाडीवर गेल्या. जखमी सैनिकांच्या शरीरात गोळी कोठे अडकली आहे, ते या यंत्रांनी डॉक्टरांना दिसू लागले. सतरा वर्षांची इरेनही आईबरोबर काम करू लागली. त्यांनी सुमारे दीडशे स्त्रियांना हे काम शिकवले. पण त्या घाईत स्वतःला किरणांपासून वाचवण्याची पुरेशी व्यवस्था नव्हती.

युद्ध संपल्यावर रेडियम संस्थेत खरा उपचार सुरू झाला. डॉक्टर रगो आणि त्यांचे सहकारी यांनी प्राण्यांवर प्रयोग करून एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. किरणांची सारी मात्रा एकदम दिली तर चांगली कातडीही जळते. तीच मात्रा थोडी थोडी करून बरेच दिवस दिली तर रोगट पेशी मरतात, पण चांगली कातडी टिकून राहते. याच संस्थेतील डॉक्टर कुतार यांनी ही रीत घशाच्या कर्करोगासाठी वापरली. क्ष-किरणांनी बरे झालेले रोगी त्यांनी १९२२ साली डॉक्टरांच्या परिषदेपुढे मांडले. आजही किरणांचा इलाज बहुधा असाच, थोडा थोडा करून अनेक दिवस दिला जातो.

यामागचे कारण समजून घेऊ या. आपले शरीर लहान लहान पेशींचे बनलेले असते. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात. हे सारे नियमात चालते. कर्करोगाच्या पेशी हा नियम मोडतात आणि बेसुमार वाढत राहतात. किरण पेशीच्या आत शिरून तिच्या वाढीचा आराखडाच तोडतात. चांगली पेशी पुष्कळदा हे नुकसान भरून काढते. कर्करोगाच्या पेशीला ते नीट जमत नाही. म्हणून दोन मात्रांच्या मध्ये थोडा वेळ गेला की चांगली पेशी सावरते आणि रोगट पेशी मरते.

सर्व कर्करोग एकसारखे नसतात. म्हणून किरण देण्याची रीतही एकसारखी नसते. जीभ आणि ओठ यांच्या कर्करोगात रेडियमच्या बारीक सुया गाठीतच टोचून ठेवीत. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगात रेडियमच्या नळ्या काही काळ आत ठेवीत. या रोगातून रेडियममुळे कितीतरी स्त्रिया वाचल्या. स्वरयंत्राच्या कर्करोगात सुरुवातीलाच किरण दिले तर पुष्कळदा रोग्याचा आवाजही वाचतो. स्तनाच्या कर्करोगात गाठ कापून काढल्यावर मागे राहिलेल्या पेशी मारण्यासाठी किरण देतात. रोग हाडांत पसरला असेल तर तो पुरता बरा होत नाही, पण किरणांनी वेदना कमी होतात. ज्याला बरे करता येत नाही त्याला निदान शांत झोप मिळावी, हेही औषधाचेच काम आहे.

मादाम क्यूरींच्या संस्थेची कीर्ती जगभर पसरली, पण खुद्द त्यांच्या प्रयोगशाळेत जेमतेम एक ग्रॅम रेडियम होते. त्याची किंमत एक लाख डॉलर झाली होती. ज्यांनी सारी रीत जगाला फुकट दिली, त्यांनाच आता रेडियम विकत घेणे परवडत नव्हते. हे कळताच अमेरिकेतील स्त्रियांनी वर्गणी गोळा केली. मे १९२१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष हार्डिंग यांच्या हस्ते एक ग्रॅम रेडियम त्यांना भेट मिळाले. भेटीच्या कागदावर त्यांचे एकट्याचे नाव होते. आपल्यामागे हे रेडियम मुलींची खाजगी मालमत्ता होईल, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी आदल्या रात्रीच वकील बोलावून कागद बदलून घेतला आणि ते प्रयोगशाळेच्या नावे केले. पुढे दुसरा एक ग्रॅम त्यांनी वॉर्साच्या नव्या रेडियम संस्थेला दिला. ती संस्था १९३२ साली सुरू झाली आणि तिचा कारभार डॉक्टर ब्रोन्याने पाहिला. दोघी बहिणींचा तरुणपणीचा करार असा रोग्यांच्याही उपयोगी पडला.

याच काळात रेडियमची दुसरी बाजू जगापुढे येत होती. काही व्यापाऱ्यांनी रेडियम म्हणजे शक्तीचे औषध असा गाजावाजा केला आणि रेडियमचे पाणी बाटल्यांतून विकले. अमेरिकेत घड्याळाच्या अंधारात चमकणाऱ्या तबकड्या रंगवण्यासाठी रेडियमचा रंग वापरीत. रंगवणाऱ्या मुली कुंचल्याचे टोक ओठांनी बारीक करीत. त्यांच्या जबड्याची हाडे सडली आणि अनेक मुली मरण पावल्या. जो किरण मापाने दिला तर जीव वाचवतो, तोच बेमाप पोटात गेला तर जीव घेतो.

मादाम क्यूरींची तब्येतही ढासळत चालली होती. डोळ्यांत मोतीबिंदू झाला. अनेक शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. बोटांची टोके किरणांनी भाजून कडक झाली होती. प्रयोगशाळेतील लोकांसाठी त्यांनी शिशाचे आडोसे, लांब चिमटे आणि रक्ततपासणी असे नियम केले. स्वतः मात्र ते नियम त्यांनी नीट पाळले नाहीत. आयुष्यभर त्यांनी प्रत्येक पदार्थाचे माप घेतले. आपल्या अंगात किती किरण गेले, याचा हिशोब ठेवला नाही. आपल्या आवडत्या रेडियमनेच आपले शरीर खाल्ले, हे मान्य करणे त्यांना जड गेले असावे.

१९३४ च्या आरंभी त्यांना एक मोठा आनंद लाभला. कन्या इरेन आणि जावई फ्रेदरिक जोल्यो यांनी साध्या मूलद्रव्याला कृत्रिम रीतीने किरणोत्सारी बनवून दाखवले. या शोधामुळे पुढे कोबाल्ट, आयोडीन, इरिडियम असे स्वस्त आणि सोयीचे किरणोत्सारी पदार्थ तयार करता आले. थायरॉइड ग्रंथीच्या काही कर्करोगांत रोग्याला किरणोत्सारी आयोडीन पोटातून देतात. ते आपोआप त्या ग्रंथीच्या पेशींत जाऊन बसते आणि तेथेच काम करते. १९५१ साली कॅनडात कोबाल्टच्या यंत्राने पहिल्या रोग्यांवर इलाज झाला. या नव्या साधनांमुळे रेडियमच्या सुया हळूहळू मागे पडल्या.

पण हे सारे पाहायला मादाम क्यूरी उरल्या नाहीत. ४ जुलै १९३४ रोजी फ्रान्समधील डोंगराळ भागातील एका आरोग्यधामात त्यांचा मृत्यू झाला. हाडांतील मगजात नवे रक्त तयार होणे थांबले होते. वर्षानुवर्षे अंगावर घेतलेल्या किरणांचाच हा परिणाम होता. त्यांच्या वह्या आजही किरण सोडतात. त्या शिशाच्या पेट्यांत ठेवल्या आहेत. रेडियमचा जोर निम्मा व्हायला सुमारे सोळाशे वर्षे लागतात. इरेनलाही हीच वाट चालावी लागली. १९५६ साली ती रक्ताच्या कर्करोगाने गेली. १९९५ साली फ्रान्सने मादाम क्यूरी आणि प्येर यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑन या स्मारकात सन्मानाने नेले. स्वतःच्या कर्तृत्वावर तेथे जागा मिळवणारी ती पहिली स्त्री.

क्यूरी पतिपत्नींनी जो इलाज पेटंटात अडकवला नाही, तो आपल्या देशातही आला. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. हा इलाज आपल्या लोकांना मायदेशातच मिळावा, अशी दोराबजींची इच्छा होती. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या ट्रस्टने मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल हॉस्पिटल बांधले. ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. आज तेथे देशाच्या कानाकोपऱ्यांतून रोगी येतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने तर भाभाट्रॉन नावाचे कोबाल्टचे यंत्रही देशातच तयार केले.

विद्यार्थ्यांनो, किरणांच्या इलाजाविषयी लोकांच्या मनात अजून भीती आहे. कर्करोग शिवण्याने होत नाही. यंत्राने बाहेरून किरण घेऊन आलेल्या रोग्याजवळ बसले, त्याच्या ताटात जेवले, तरी काही बिघडत नाही. इलाजाने अंग थकते, कातडी काळवंडते, तोंड कोरडे पडते. पण यातील पुष्कळसा त्रास काही आठवड्यांत कमी होतो. अशा रोग्याला घरच्यांनी दूर ठेवू नये. त्याने इलाज अर्ध्यावर सोडू नये, यासाठी त्याला धीर द्यावा. आणि तंबाखू, गुटखा यांपासून आपण दूर राहावे, म्हणजे तोंडाच्या कर्करोगाची भीती पुष्कळ कमी होते.

गळक्या शेडमध्ये चार वर्षे चोथा ढवळणाऱ्या मादाम क्यूरींना त्यातून स्वतःसाठी धन मिळाले नाही. मिळाला तो आजार. पण त्यांनी शोधलेल्या किरणांचा उजेड कितीतरी घरांत पोहोचला. आई वाचली, बाप घरी परतला, बोलता न येणारा पुन्हा बोलू लागला. दुसऱ्याच्या घरात उजेड व्हावा म्हणून मेहनत करणे, हेच त्यांच्या चरित्राचे सार आहे.

स्वाध्याय

१. कर्करोग आणि सरतान या शब्दांच्या अर्थांत कोणते साम्य आहे?
२. मान्या आणि ब्रोन्या यांनी आपसांत कोणता करार केला? तो कसा पाळला गेला?
३. क्यूरी पतिपत्नींनी रेडियमचे पेटंट का घेतले नाही?
४. किरणांची मात्रा थोडी थोडी करून का देतात? चार-पाच वाक्यांत लिहा.
५. कारणे लिहा : मादाम क्यूरी यांच्या वह्या शिशाच्या पेट्यांत ठेवल्या आहेत.
६. वाक्यात उपयोग करा : कसूर न करणे, शब्द पाळणे, धीर देणे.
७. औषध आणि विष यांत फरक मात्रेचा असतो, हे पाठातील उदाहरणांनी स्पष्ट करा.